अस्वलांचा अभ्यास हेही करिअर

बारावी सायन्स झाली की डॉक्टर, फार्मसी, इंजिनिअरिंग यांपलीकडे आपल्या घरांत विषय जात नाही. आज आम्ही चौथी वाट सुचवतो: रानातल्या अस्वलांचा अभ्यास.

कलंदर बिरादरीची माणसं अस्वल नाचवत गावोगाव फिरत, हे थोरामोठ्यांना आठवत असेल. कायद्यानं तो खेळ बंद झाला. त्यांची बरीच अस्वलं आग्र्याच्या केंद्रात आली, बिरादरीला दुसरा रोजगार शोधावा लागला. पण रानातल्या अस्वलांचा प्रश्न उरलाच.

मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात ती आहेत. उन्हाळ्यात पहाटे बायाबापड्या मोहफुलं वेचायला जातात. त्याच झाडाखाली अस्वलही येतं. ते केव्हा, कोणत्या वाटेनं येतं हे कळलं, तर माणूस आणि जनावर दोघांचाही जीव वाचेल. त्यासाठी विष्ठेतल्या बिया तपासायच्या, कॅमेरे लावायचे, गावकऱ्यांशी बोलायचं. हे काम विद्यार्थी करू शकतात.

पदवीनंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूचं एनसीबीएस इथं वन्यजीवांवर एमएस्सी करता येते. प्रवेश परीक्षा असते, तयारी आधीपासून हवी.

उद्या लेकीनं विचारलं, ‘अब्बा, मी जंगलात काम करू?’ तर नाही म्हणण्याआधी तिचं पूर्ण ऐकून घेऊया.