विकतचं गांडूळ आणि रानातलं गांडूळ

माढा तालुक्यात उसाचा फड तुटला की काही दिवसांतच पाचट पेटतं. पुढं त्याच रानासाठी गांडूळखताच्या पिशव्या विकत आणल्या जातात. जे गांडुळानं फुकट खाऊन खत केलं असतं, ते जाळायचं आणि मग खत विकत घ्यायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

गांडूळखताच्या बेडमध्ये बहुतेक ठिकाणी आयसेनिया फेटिडा किंवा आफ्रिकेतून आलेलं युड्रिलस असतं. शेणात आणि कुजणाऱ्या पाल्यात राहणाऱ्या या जाती. त्यांचं खत उत्तमच, पण उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्या काळ्या रानात त्या तग धरत नाहीत. तिथं देशी गांडूळच हवं. ऊन तापलं की ते ओलीच्या मागं खोल जातं, वेटोळं करून पडून राहतं आणि मृगाचा पाऊस मुरला की वर येतं. त्याला फुप्फुस नसतं, ओल्या कातडीतूनच ते श्वास घेतं. माती कोरडी ठणठणीत झाली की ते मरतं.

चार्ल्स डार्विननं 1881 साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दरवर्षी 10 टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशेब होता. त्यांच्या बिळांतून हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोचतं. उजनीच्या पाण्यावर उसामागून ऊस घेऊन घट्ट झालेल्या रानाला तेच हवं आहे.

हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. खोडव्यात ते सरीत पसरून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं, पाणी दिलं, की ते जागेवरच कुजतं. खाली ओल टिकते, गांडुळाला सावली आणि खाणं दोन्ही मिळतं. हुमणीसाठी वापरलं जाणारं दाणेदार फोरेट गांडुळालाही मारायचं. 2020 च्या अखेरीस देशात त्यावर बंदी आली, हे बरं झालं. पण इतर दाणेदार औषधंही गरजेपुरतीच वापरायला हवीत.

घरापुढच्या लॉनवर सकाळी मातीच्या बारीक गोळ्या दिसल्या की काही जण औषध मारतात. तसं करू नका. ती गांडुळाची विष्ठा आहे. वाळल्यावर खराट्यानं पसरून द्या, हिरवळीला तेच खत.

यंदा पावसाळ्यात वाफसा आला की रानात फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. माती हातानं मोकळी करून गांडुळं मोजा, आकडा वहीत लिहा. मग निदान एका एकरातलं पाचट न जाळता ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच पुन्हा मोजा. पिशव्यांवर पैसा घालण्याआधी एवढं जरूर करा.