क्लचचे सोवळे

सोवळे आपल्या स्वयंपाकघरांतून निघाले तेव्हा आम्ही सुटलो असे वाटले होते. पण वाचकहो, ते मेले नव्हते! समुद्र ओलांडून ते अमेरिकेतील मोटारींच्या गॅरेजात जाऊन बसले आहे.

आमचा भाचा मिशिगनमध्ये असतो. त्याच्यापाशी १९६७ सालची पॉन्टिॲक जीटीओ आहे. मध्यम अंगाच्या गाडीत दांडगे इंजिन बसवायचे, ही १९६४ च्या जीटीओने रूढ केलेली चाल. अशा गाडीला तिकडे मसल कार म्हणतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर भाच्याच्या डाव्या पायाला क्लच दाबवेना. गाडी अकरा महिने कापडाखाली पडून राहिली. ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतो,’ असे तो मित्रांत नुसते बोलला मात्र, देव बाटल्यासारखा गहजब झाला. क्लच नाही ती मसल कारच नव्हे म्हणे! परवा फोनवर बिचारा म्हणाला, “मामा, विकूनच टाकतो.”

मामाला मोटार चालवता येत नाही. पण मामा मास्तर आहे, आणि फळ्यावरचे चुकीचे उत्तर तसेच राहू देणे मास्तरला जमत नाही.

क्लचवाल्यांनो, तुमच्या सोवळ्याला शास्त्राधार कोणता? १९६७ साली खुद्द पॉन्टिॲकनेच जीटीओला टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक देऊ केला होता. क्रायस्लरने आपल्या आडदांड हेमी इंजिनामागे टॉर्कफ्लाइट जोडला. पाव मैलाच्या शर्यतीत दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड आजही धावतो. मग बाटले कोण? ज्यांनी गाडी घडवली ते, की शर्यत जिंकतात ते?

पण ऑटोमॅटिकवाल्यांतही भोळे भक्त कमी नाहीत. ते म्हणतात, ‘टर्बो ४०० घे, दगडासारखा भक्कम! रोल्स-रॉइसनेही सिल्व्हर शॅडोत तोच बसवला.’ खरे आहे. पण नुसती दंडाची ताकद पाहून कोणी जावई निवडतो काय? त्याचा वरचा गिअर एकास एक. भाच्याच्या मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.५५, चाकाचा व्यास २६ इंच. ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेणार. तासभर हा कल्लोळ कानांनी आणि पेट्रोलच्या टाकीने सोसायचा!

जनरल मोटर्सने १९८१ च्या सुमारास आणलेल्या २००-४आर या गिअरबॉक्सला चौथा गिअर आहे, ओव्हरड्राइव्ह, प्रमाण ०.६७. त्याच वेगाला फेरे उरतात २०००. पहिला गिअर २.७४ चा, म्हणजे टर्बो ४०० च्या २.४८ पेक्षा सुटताना जोर अधिक. शिवाय तो पॉन्टिॲकच्या इंजिनाला सरळ जुळतो. ७००-आर४ ला मध्ये जोडपट्टी लागते. १९८० च्या दशकातील ब्यूइक ग्रँड नॅशनलसारख्या तेज गाडीत हाच होता.

त्याची खोडही सांगतो, नाहीतर मी वकील ठरेन. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी टीव्ही केबल नीट जुळवली नाही, तर आतल्या क्लच-प्लेटी पाहता पाहता जळतात. जुन्या दांडग्या इंजिनासाठी तो आतून मजबूत करून घ्यावा लागतो. तेलाचा कूलर हवा, प्रोपेलर शाफ्टची लांबी तपासायला हवी. हा खर्च आधी मांडावा, मग उडी घ्यावी.

ज्याला शर्यत खेळायची त्याने खुशाल टर्बो ४०० घ्यावा. ज्याला प्रदर्शनात चषक हवा त्याने मूळ गिअरबॉक्सला हात लावू नये. पण ज्याला शनिवारी बायकोमुलींना घेऊन सरोवराकाठी जायचे आहे, त्याने न खेळायच्या शर्यतीसाठी रोजचा रस्ता का नासावा? जुना गिअरबॉक्स तेल लावून कोपऱ्यात जपावा, गाडीचा पत्रा कापू नये. पुढच्या मालकाला हवा तर तो परत बसवील.

गाडी धावण्यासाठी जन्मते, देव्हाऱ्यासाठी नव्हे. अकरा महिने कापडाखाली ठेवून जी शुद्धता राखली, ती गाडीची नाही, बघ्यांची!

तेव्हा भाचेराव, गाडी विकू नका. सोवळे विका. गिऱ्हाईक मिळाले नाही, तर फुकट द्या.