भुकेल्या रक्ताची परीक्षा

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कॅन्सर उपचारांचे सर्वंकष धोरण मंजूर केले. 18 रुग्णालये, तीन स्तर आणि 'महाकेअर' फाउंडेशन. स्वागत झाले, ते व्हायलाच हवे होते. पण या निमित्ताने लवकर निदानाचा जो गजर सुरू झाला आहे तो ऐकून विचारावेसे वाटते, की हे निदान कोणाचे करणार? पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात जामसरच्या माणसाला घाट ओलांडून नाशिक गाठावे लागते, नाहीतर अख्खा दिवस मोडून मुंबई. रोज बुडाला की चूल बंद, अशा घरातला माणूस दुखत नसताना तपासायला जाईल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा दिवाळीनंतर वीटभट्टीकडे निघालेल्या ट्रकमध्ये बसून पाहावे.

यकृताचा कॅन्सर हा या गजराची खरी कसोटी आहे. यकृत शेवटपर्यंत कुरकुरत नाही. पोटाला गोळा लागतो, डोळे पिवळे होतात, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अल्फा-फीटोप्रोटीन हा रक्तातला पदार्थ या कॅन्सरची खूण म्हणून 1960च्या दशकात ओळखला गेला, पण लहान गाठी त्याच्या हातून निसटतात. म्हणून शास्त्रज्ञ आता वृद्धिघटकांकडे, म्हणजे ग्रोथ फॅक्टरांकडे वळले आहेत. गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या उभ्या करते, तेव्हा त्या कामाचा एक घटक रक्तात वाढतो. 'आयजीएफ-1' हा घटक तर मुख्यतः यकृतातच बनतो. यकृत आक्रसत गेले की तो उतरतो. त्याच्या उतरण्यातून धोका आधी ओळखता येईल, अशी आशा आहे. संशोधन मोलाचे आहे, याबद्दल वाद नाही.

पण हाच आयजीएफ-1 उपाशी माणसाच्या रक्तातही उतरतो. प्रथिने कमी पडली की यकृत धडधाकट असूनही तो घसरतो. आता ही चाचणी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर नेली, तर तिला कॅन्सर सापडणार की भूक? खात्यापित्या घरच्या रक्तावर बेतलेल्या मोजपट्टीने कुपोषितांचे रक्त मोजले, तर कागदावर आकडा उमटेल, त्याचा अर्थ लागणार नाही. महागड्या तपासणीआधी ताटाकडे पाहावे लागते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि ज्याला प्रयोगशाळा लागत नाही, तेच आपण केलेले नाही. यकृताच्या कॅन्सरचे एक मोठे कारण म्हणजे हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू. त्यावर लस आहे. तैवानने 1984 पासून ती लागण असलेल्या आयांच्या बाळांना आणि 1986 पासून सगळ्या बाळांना द्यायला घेतली आणि मुलांमधला यकृताचा कॅन्सर दहा-बारा वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे ही लस देशभर पोहोचायला 2011 उजाडले. बाळाला आईकडून जन्मतः लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो, म्हणून पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत हवी. चोवीस तास! ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीच्या आईची जुळी बाळे घरीच जन्मून गेली आणि रक्तस्रावाने खचलेल्या तिला डोलीतून चिखलवाटेने न्यावे लागले. जिथे आईच रस्त्यापर्यंत पोहोचत नाही, तिथे लसीची कुपी चोवीस तासांत कशी पोहोचणार, याचे उत्तर महाकेअरच्या तिन्ही स्तरांत कुठे आहे?

तोवर कावीळ झालेला माणूस भगताकडे जातो. भगत चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतो, पाणी पिवळे होते, कावीळ 'उतरते'. शहरातले लोक याला हसतात. हसण्याआधी एवढे मान्य करावे, की भगत पाड्यावर असतो आणि रात्रीही दार उघडतो. त्याच्या जोडीला बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत 'बी' सांगणारी पट्टी ठेवायला काय हरकत होती? केंद्राचा राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 पासून आहे, त्यात तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. फुकट आहे, पण जामसरमध्ये किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे?

गरिबाच्या यकृताकडे सरकारचे लक्ष मेल्यावरच जाते, हे नवे नाही. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानातल्या पंचमहाल-बांसवाड्याच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृत निकामी होऊन गेली. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कॅन्सरचेही कारण आहे. भिजलेले धान्य टाकून देण्याची चैन ज्याला परवडत नाही, तोच ते खातो. 1992 मध्ये जव्हारमधल्या वावर-वांगणीत बालके कुपोषणाने गेली तेव्हाही दौरे झाले, अहवाल आले, योजना आल्या. 2014 मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, कारण म्हणे प्रशासन जवळ येईल. जव्हारच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण अजूनही अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, तेही एसटी वेळेवर आली तर.

आरोग्यमंत्र्यांनी वृद्धिघटकांची यंत्रे घेण्याआधी एक साधे काम करावे. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत गेल्या वर्षी किती गरोदर बायांची 'बी'ची तपासणी झाली, घरी जन्मलेल्या किती बाळांना चोवीस तासांत लस मिळाली आणि 'बी' आढळलेल्या किती जणांना भट्टीवर असतानाही गोळ्या मिळत राहिल्या, हे तीन आकडे आरोग्य केंद्रानिहाय जाहीर करावेत. सुरुवात जामसरच्या केंद्रापासून केली तरी चालेल.