दुसरीतल्या मुलाला काय यावं?

दुसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं, वाचनाचा वेग मिनिटाला 45 ते 60 शब्द असावा. 999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, 99 पर्यंतची वजाबाकी जमावी. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने हे ठरवून दिलं आणि 2026-27 पर्यंत तिसरीअखेरच्या प्रत्येक मुलाला लिहिता-वाचता आणि हिशेब करता यावा, अशी मुदतही घातली. मला हे मनापासून पटतं. सातवी-आठवीत पोचलेल्या मुलाला साधा परिच्छेद वाचता येत नाही, हे आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं. मुलाला कुठल्या इयत्तेत काय यायला हवं, ते आईबापांना कळेल इतक्या सरळपणे सांगितलं जातंय, ही मोठी गोष्ट आहे.

पण जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी नोकरी केलेल्या शिक्षकांशी बोललं की दुसरी बाजू कळते. 1991 मध्ये दवे समितीच्या अहवालातून किमान अध्ययन क्षमता आल्या. 2010 मध्ये शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, 2017 मध्ये अध्ययन निष्पत्ती, मग निपुण, मार्च 2025 मध्ये दुसरी ते पाचवीसाठी निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम आणि त्याच वर्षी जूनपासून पहिलीला नवा अभ्यासक्रम. यातली एकही कल्पना वाईट नव्हती. पण आधीचा निकष अंगवळणी पडायच्या आत पुढचा येऊन ठेपला आणि दर वेळी नव्याने तक्ते आखायचं काम शिक्षकाच्या वाट्याला आलं.

या तक्त्यांत काय मावत नाही, ते मध्यंतरी एका द्विशिक्षकी शाळेत पाहायला मिळालं. तिसरीतल्या एका मुलीची वही समोर होती. 52 वजा 27, उत्तर 35. खाली 81 वजा 46, उत्तर 45. चाचणीत दोन्ही गणितं चूक, म्हणजे तक्त्यात फुली. पण नीट पाहिलं तर ती दर घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन. तिचा स्वतःचा एक पक्का नियम होता आणि ती तो काटेकोरपणे पाळत होती. तिला वजाबाकी येत नव्हती असं नव्हे, दशक सुटा करता येतो हे तिला माहीत नव्हतं.

बाईंनी तिच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. 'सत्तावीस दे बरं मला.' तिने दोन गठ्ठे दिले आणि सुट्या काड्यांशी येऊन अडली. बाई काही बोलल्या नाहीत. बराच वेळ ती नुसती बघत राहिली, मग एका गठ्ठ्याचं रबर काढलं, सात मोजून दिल्या आणि उरलेल्या पुन्हा मोजल्या. पंचवीस! वहीतलं उत्तर तिने स्वतःच खोडलं. तेवढ्या वेळात बाकीची मुलं पाढे लिहीत होती, कारण दुसरे गुरुजी माहिती भरायला केंद्रशाळेत गेले होते.

निकष खरा ठरतो तो बाईंना मिळालेल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत. ती मिनिटं माहिती भरण्यात गेली, तर निकष कितीही चांगला असला तरी त्या मुलीपर्यंत पोचत नाही.

वाचनाच्या वेगाचंही तसंच. मराठीत 'घरासमोरच्या', 'शाळेजवळचा' हा एकेक शब्द आहे. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतले पन्नास शब्द आणि मराठीतले पन्नास शब्द हे सारखं ओझं नव्हे. 2022 च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात 20 भाषांसाठी वाचनाची वेगवेगळी पातळी ठरवली गेली, ते योग्यच झालं. त्याच्याही पुढे जायला हवं. मेळघाटातलं कोरकू मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याच्या घरात नसते. त्याच्यासमोर घड्याळ धरून शब्द मोजायचे, की आधी त्याच्याशी बोलून, गोष्टी सांगून मराठी त्याच्या कानावर पडू द्यायची? वेग हा शेवटी मोजायचा असतो. घड्याळाची घाई झाली की मुलं पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवतात, आणि त्याच शब्दांचं नवं वाक्य फळ्यावर लिहिलं की थांबतात.

एप्रिल 2025 मध्ये नव्या अभ्यासक्रमाचा शासन निर्णय आला, तेव्हा पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटून उठला. 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. तो वाद व्हायलाच हवा होता आणि लोकांनी धरलेला आग्रह मला योग्य वाटतो. पण त्याच निर्णयात पहिली ते बारावीपर्यंतचं शिक्षण नव्याने मांडलं होतं. आपली मुलं काय शिकणार, कसं शिकणार, कोण शिकवणार, यावर किती गावांत ग्रामसभा बसली? भाषेसाठी रस्त्यावर उतरणारा समाज मुलाच्या वाचनासाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीलाही गेला, तर शाळा बदलतील असा माझा विश्वास आहे.

माझी मागणी अवाजवी नाही. निपुणची मुदत संपली की नवं नाव, नवं बोधचिन्ह, नवा तक्ता नको. हाच निकष पुढची दहा वर्षं ठेवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत टक्केवारी वाचून दाखवण्याऐवजी शिक्षकांनी मुलांच्या वह्या घेऊन यावं आणि 35 हे उत्तर कुठून आलं यावर अर्धा तास बोलावं. शिक्षकांची रिक्त पदं भरा आणि माहिती भरायला शिक्षकाला वर्गाबाहेर काढणं बंद करा. द्विशिक्षकी शाळेत शाळेच्या वेळात दोन्ही शिक्षक वर्गावर असले पाहिजेत, हाही एक निकषच आहे. तो आधी शासनाने पाळावा.