एक्सप्लेनर : जर्मनीत इलेक्ट्रिशियनची नोकरी मिळेल, पण स्वतःचा धंदा सुरू करता येईल का?

आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आपल्याकडे काय करतो? दोन-चार वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम करतो, ओळखी वाढवतो, हत्यारांची पिशवी आणि दुचाकी घेतो आणि स्वतःची कामं धरतो. जर्मनीला निघालेल्या अनेकांच्या डोक्यातही हेच गणित असतं : आधी नोकरी, मग स्वतःचं काम.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. पण ही सगळी चर्चा नोकरीची आहे. स्वतःच्या धंद्याचे नियम वेगळे आहेत आणि ते निघण्याआधीच माहीत असायला हवेत.

अडचण नेमकी कुठे आहे?

जर्मनीत कारागिरीच्या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या 'अ' यादीत ५३ व्यवसाय आहेत. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, सुतार, रंगारी, बेकरी, केशकर्तन, गाडीदुरुस्ती हे सगळे त्यात येतात. यात स्वतःचा धंदा करायचा तर सहसा 'माइस्टर' ही पदवी लागते आणि स्थानिक कारागीर चेंबरच्या नोंदवहीत नाव लागतं.

माइस्टर म्हणजे उस्ताद. त्याची परीक्षा चार भागांत असते : प्रत्यक्ष काम, तांत्रिक ज्ञान, हिशेब-कायदा आणि शिकाऊ मुलांना शिकवण्याची पद्धत. परीक्षा जर्मन भाषेत आणि खर्च काही हजार युरो. नोंदणी नसताना धंदा केला तर मोठा दंड होऊ शकतो.

मग कोणते व्यवसाय मोकळे आहेत?

शिंपीकाम, चप्पल-बूट दुरुस्ती, घड्याळदुरुस्ती, सोनारकाम, इमारतींची सफाई यांना माइस्टरची अट नाही. मात्र याद्या बदलतात. फरशी बसवण्याचं काम २००४ मध्ये मोकळं झालं होतं. २०२० मध्ये ते आणखी ११ व्यवसायांसह पुन्हा 'अ' यादीत गेलं.

माइस्टर नसेल तर दुसरा मार्ग?

दोन मार्ग आहेत. एक, माइस्टर असलेल्या माणसाला तांत्रिक प्रमुख म्हणून नोकरीवर ठेवणं. म्हणजे धंदा तुमचा, पण कामाची जबाबदारी त्याची. त्याचा पगार परवडला पाहिजे. दोन, पूर्ण मान्यताप्राप्त कारागीर म्हणून सहा वर्षं काम, त्यातली चार जबाबदारीच्या पदावर. काही मोजके व्यवसाय सोडले तर ही सवलत मिळू शकते.

आयटीआयचं प्रमाणपत्र चालतं का?

थेट नाही. आधी त्याची जर्मन प्रशिक्षणाशी तुलना होते. तिकडे इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं आहे, आपल्याकडे दोन. त्यामुळे अनेकदा अर्धवट मान्यता मिळते आणि उरलेला भाग तिथे पूर्ण करावा लागतो.

मार्च २०२४ पासून नोकरी करता करता ही मान्यता मिळवण्याची सोय झाली आहे. अटी दोन महत्त्वाच्या : जर्मन भाषेची ए-२ पातळी आणि किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण. इथेच मेख आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेड दोन वर्षांचा आहे, पण प्लंबर आणि वेल्डर एक वर्षाचे. फक्त एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर हा मार्ग उघडत नाही.

व्हिसा काय म्हणतो?

कुशल कामगाराचा व्हिसा नोकरीसाठी असतो. त्यावर स्वतःचं काम करायचं तर परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. धंद्यासाठी स्वतंत्र व्हिसा आहे, पण त्यासाठी भांडवल आणि त्या भागात अशा कामाची गरज दाखवावी लागते. वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाची आर्थिक तरतूदही दाखवावी लागते.

कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळाला की ही व्हिसाची अडचण संपते. त्यासाठी साधारणपणे कुशल कामगाराच्या परवान्यावर तीन वर्षं, ३६ महिन्यांची पेन्शन वर्गणी आणि बी-१ जर्मन लागतं. लक्षात घ्या, मान्यता मिळवण्यात गेलेला काळ या तीन वर्षांत धरला जात नाही. आणि हा परवाना मिळाला तरी माइस्टरची अट तशीच राहते.

शनिवार-रविवारी रोखीत कामं केली तर?

ओळखीच्या घरी पंखा लावून दिला, पैसे घेतले, बिल नाही. आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. जर्मनीत हे बेकायदा काम ठरतं आणि व्हिसावर गदा येऊ शकते.

दुसरा सापळा उलट बाजूने येतो. एखादा ठेकेदार म्हणतो, 'नोकरी नको, तू स्वतःची नोंदणी कर आणि फक्त माझंच काम कर.' वेळ तो ठरवणार, हत्यारं त्याची, पण आजारपणाची रजा, विमा, पेन्शन तुमच्या डोक्यावर. कायदा याला खोटा स्वयंरोजगार मानतो.

निघण्याआधी काय तपासाल?

- तुमचा व्यवसाय 'अ' यादीत आहे का?
- तुमचा ट्रेड किती वर्षांचा आहे?
- करारात पद कुशल कारागिराचं आहे की मदतनिसाचं? मदतनीस म्हणून काढलेली वर्षं पुढे कामी येतीलच असं नाही.
- एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का?

थोडक्यात, जर्मनीत स्वतःचा धंदा शक्य आहे, पण नोकरी लागल्यावर दोन वर्षांत नाही. मान्यता, कायमचा परवाना आणि माइस्टर किंवा सहा वर्षांचा अनुभव धरला तर सात-आठ वर्षांची तयारी ठेवावी लागते. 'तिकडे गेलास की लगेच स्वतःचं काम' असं कुणी सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी त्याला एवढंच विचारा : माइस्टरचं काय?