पोटाला वेळ द्या
सिल्वासाच्या बाजारात परवा नागलीचं पीठ आणि पिकलेली पपई शेजारीशेजारी दिसली, आणि शेजारच्या सुनेची तक्रार आठवली: ‘पोराला दोन-दोन दिवस शी होत नाही हो!’ अगं, दारात स्कूलबस, हातात बिस्किट आणि संडासाच्या दारावर तुझ्या थापा, होणार कशी? पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलू लागतं, म्हणून नाश्त्यानंतर पोराला पाच-दहा मिनिटं निवांत बसवायचं, पाय लोंबकळू न देता पाटावर टेकवून. दुधाचे पेल्यावर पेले नकोत. नागलीची भाकरी, पपई, पेरू आणि वर पाणी भरपूर. रेचकाची बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नये. आणि शाळांनी संडास स्वच्छ ठेवलेच पाहिजेत; घाणीला भिऊन दाबलेली शी कडक होते, दुखते, मग पोर आणखीच दाबून धरतं.