शेअर कोणाच्या नावावर?



आपल्या उजनीकाठी उन्हाळ्यात पाणी मागे सरले की मोटारीमागे पाईप आणि केबल ओढत कोण जातो? घरातला तरणा पोरगा. लागण, खोडवा, टोळीची जुळवाजुळव, १४ दिवसांत बिल जमा झाले का ही चौकशी, सगळे तोच बघतो. शेअर मात्र वडिलांच्या, नाहीतर आजोबांच्या नावावर. (काही आजोबा देवाघरी जाऊन वर्षे लोटली, तरी वारसनोंद नाही!)

१९६० च्या सहकार कायद्याने मत सभासदालाच, आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच. मग या पोराने सभेत कोणत्या नात्याने बोलावे? निवडणुकीला उभे कसे राहावे? वर आपणच म्हणतो, "पोरं पुढं येत नाहीत."

"त्याला काय कळतंय?" असेही म्हणतो. विठ्ठलराव विखे यांनी प्रवरेला कारखाना काढला तेव्हा शेतकऱ्याविषयी लोक हेच म्हणत. धनंजयराव गाडगीळ पाठीशी राहिले आणि १९५०-५१ चा पहिला हंगाम पार पडला.

शेअर दिला तर पोरगा उद्या विचारील का, ही धास्ती मला खोटी वाटत नाही. मग त्याच्या नावे वेगळा गट असेल तर त्यालाही सभासद करून घेण्याचा अर्ज द्या. मयतांची वारसनोंद तरी वार्षिक सभेआधी उरका. आणि यंदाचा अहवाल देवळीत टाकू नका. पोराच्या हाती देऊन तोडणी-वाहतुकीच्या खर्चाचे पान काढायला सांगा.